नवमीला गेलेली सदतीस खोकी

१

कुंडलच्या दूध संकलन केंद्रामागच्या नाल्यापाशी मी नाकाला पदर लावून उभी होते. दोन हजार लिटर नासकं दूध ओतून आठ दिवस झाले होते, तरी वास जागचा हलला नव्हता. पिवळट साय धरलेली डबकी होती, त्यांवर माश्या घोंघावत होत्या, पण मी मुद्दाम तिथून हलले नाही. ज्या गोष्टीबद्दल कागदावर सही करायची ती आधी डोळ्यांनी पाहायची, ही माझी जुनी खोड आहे.

मी गुणमाला मगदूम. सांगलीच्या तंत्रनिकेतनात तीस वर्षं कॉम्प्युटर शिकवला आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. पोरं मला पाठीमागे ‘खडूस मगदूम’ म्हणायची. त्यांचं काही चुकत नव्हतं.

कुपवाडच्या हिमकण ऑटोमेशनचे मालक जवाहर चौगुले यांनी मला बोलावणं धाडलं होतं. गावोगावच्या दूध थंड करणाऱ्या टाक्यांवर त्यांची कंपनी तळहाताएवढा कंट्रोलर बसवते. टाकी कधी चालू करायची, कधी थांबवायची, ते तो ठरवतो. “कुंडलचे लोक बाहेरच्या जाणकाराचं मत मागतायत, ताई,” ते फोनवर म्हणाले. “तुमची एक सही पुरे. आणि तुम्ही काय, आपल्यातल्याच.” हे ‘आपल्यातल्याच’ ऐकलं की माझं डोकं फिरतं. ज्याला काही लपवायचं असतं त्यालाच बरोबर त्या वेळी नातं आठवतं.

पाठवलेल्या फाइलमध्ये लिहिलं होतं ते असं. कनिष्ठ अभियंता शिवांजली जगदाळे हिने निष्काळजीपणे कंपनीच्या रजिस्ट्रीतला, म्हणजे सॉफ्टवेअरच्या साठ्यातला, एक टॅग डिलीट केला. त्यामुळे कंट्रोलरचं सॉफ्टवेअर नाहीसं झालं. दसऱ्याच्या संध्याकाळी कुंडलची वीज गेली आणि आली. कंट्रोलरने सुरू होताना नेहमीप्रमाणे ताजी प्रत मागितली, ती मिळाली नाही आणि टाकी गार झालीच नाही. सकाळी झाकण उघडलं तर दूध फाटलेलं. कामावरून काढलेल्या शिवांजलीचं कबुलीपत्र सोबत टाइप करून तयार होतं, फक्त सही व्हायची होती. उद्या, रविवारी चार वाजता, ते कुंडलच्या उत्पादकांच्या बैठकीत वाचून दाखवायचं होतं.

शिवांजली माझी विद्यार्थिनी. आणि ती कुंडलचीच. आपल्याच गावाचं दूध नासवणारी पोर म्हणून तिचं नाव उद्या तिच्याच गावात कायमचं लागणार होतं.

पुरावा म्हणून नोंदवहीचं एक छापील पान जोडलं होतं: ‘शिवांजली, डिलीट, यशस्वी.’ पानाची उजवी कड नीट पाहिली आणि माझ्या कपाळाची शीर उडायला लागली. कोणीतरी ती कड कात्रीने कापून काढली होती. अशा पानावर उजवीकडे तारीख आणि वेळ असते.

२

जगदाळ्यांच्या उंबऱ्यावर शिवांजलीची आई शालूबाई खराटा घेऊन पाणी मारत होत्या. तिथंही तोच आंबट वास.

“आवं, रोज फाटं कोन तरी येऊन आंबलेलं दूध वतून जातंय,” त्या म्हणाल्या. “रोज धुतीया मी. किती धुवायचं मानसानं?”

ज्या लोकांच्या घरी ही पोर लहानपणी खेळली असेल, त्यांतलाच कोणीतरी अंधारात तपेली घेऊन येत होता. तोंडावर बोलायची हिंमत नाही आणि उंबऱ्यावर घाण ओतायला मात्र पुढे. थुंकावंसं वाटलं मला.

वडील लालासाहेब फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. ताठ बसले होते. “मॅडम, सव्वीस वरसं नोकरी केली आमी. चूक झाली की पुढं हून सांगायचं, एवडंच शिकलो. हिला म्हनतोय, सही कर आन् मोकळी हो. शिक्क्याचा कागद हाय. कंपनी खोटं कशापायी लिवंल?”

शिवांजली भिंतीला टेकून उभी होती. डोळे सुजलेले, पण आवाज स्थिर. “मॅडम, अष्टमीला संध्याकाळी पाच वाजता ऑफिसातल्या मल्हारसरांचा मेसेज आला, ‘जुने-चार’ हा टॅग काढून टाक. मी तेवढा एकच काढला आणि घरी आले. आणि टॅग काढला म्हणून आतला माल जात नाही, हे तुम्हीच शिकवलंय.”

“मग निघताना कॉम्प्युटर बंद केलास?”

“नाही. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. आमच्या कंपनीत त्या दिवशी सगळे पडदे उजळलेले लागतात. बंद पडलेल्या मशीनला हळदकुंकू वाहायचं नाही, असं अण्णा म्हणतात.” अण्णा म्हणजे जवाहर चौगुले.

“म्हणजे रजिस्ट्रीचं पान रात्रभर तुझ्या नावानं उघडं?”

तिनं मान खाली घातली. “सगळ्यांचंच असतं मॅडम, त्या दिवशी.”

जागेवरून उठताना लॉग-आउट करा, हे सांगून सांगून तीस वर्षं माझा घसा बसला. आणि इथं आख्खी कंपनी हळदकुंकवासाठी दारं सताड उघडी टाकून घरी जाते. मी तिला चार शब्द सुनावले. पण तिचं नाव त्या नोंदीत कसं आलं असेल, ते मला कळलं होतं. तिच्या खुर्चीवर कोण बसलं, एवढंच शोधायचं होतं.

३

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत हिमकणची दुमजली इमारत आहे. जिन्याच्या कोपऱ्यात पिचकाऱ्यांचे लाल ओघळ, आणि बरोबर त्यांच्या वर ‘स्वच्छता हीच आमची ओळख’ अशी पाटी. मी अंग चोरून वर गेले.

जवाहररावांनी बापाच्या लेथवर आयुष्य सुरू केलं होतं. आता साठीचे, पांढरे कपडे, बोटात अंगठ्या. टेबल इतकं नीट की भीती वाटावी. प्रत्येक डबीवर, प्रत्येक फाइलवर चिठ्ठी डकवलेली.

“वडिलांची शिस्त,” ते म्हणाले. “ज्याच्यावर नाव नाही तो कचरा.” बोलता बोलता त्यांना टेबलावर एक बिनचिठ्ठीचा पेनड्राइव्ह दिसला. कोणाचा, कशाचा, विचारलंही नाही. सरळ टोपलीत.

“त्यात काय होतं?”

“ज्याला हवं होतं त्यानं नाव लिहायचं होतं.” ते हसले. “बरं ताई, सही कुठं करताय? पोरगी चांगली आहे हो, मी पोलिसात वगैरे जाणार नाही. फक्त कबूल करू दे. तिच्या गावापुढं आमचं नाव स्वच्छ झालं की झालं.”

त्यांचा भाचा अरिहंत विक्री बघतो. केसांना जेल, हातात दोन फोन. त्याला रजिस्ट्री म्हणजे काय विचारलं तर म्हणाला, “ते मल्हारचं खातं. माझ्याकडं पासवर्डपण नाही. मला माझ्या लॅपटॉपवर प्रदर्शनात चालवायला प्रत पाहिजे होती. मागच्या महिन्यात मल्हारला म्हटलं, बाबा, त्याच्यावर माझं वेगळं नाव टाकून दे, गोंधळ नको. त्यानं ‘प्रदर्शन’ म्हणून टॅग लावून दिला.”

“नवमीला कुठं होतास?”

“सगळे खाली अंगणात. मॅडम, आमच्याकडची नवमी एकदा बघाच!” त्याचा चेहरा खुलला. “दहाला शटर अर्धं खाली. अकराच्या आरतीपर्यंत नोकरमाणसानं मशीनला हात लावायचा नाही. मामा स्वतः आत जाऊन एकेक मशीन आपल्या हातानं साफ करतात. आजोबांपासूनची पद्धत आहे. एवढा मोठा मालक हातात फडकं घेतो, लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं.”

माझ्या डोळ्यांत काही आलं नाही. मी मल्हारकडे गेले.

४

मल्हार हा रजिस्ट्री सांभाळणारा. तिशीतला, हुशार, नखं कुरतडणारा. मला पाहून उभा राहिला.

“जुना टॅग अजून आहे का रे?”

“आहे. मी दुसऱ्या दिवशी नवी प्रत नव्या टॅगनं चढवली, टाक्या चालू झाल्या. जुन्याला हात लावला नाही.” त्यानं पान उघडलं.

ज्यांना हा धंदा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. रजिस्ट्री म्हणजे सॉफ्टवेअरचं गोदाम. इमेज म्हणजे त्यातलं तयार खोकं, आणि टॅग म्हणजे त्याची चिठ्ठी. पण एकच सॉफ्टवेअर दोन जातींच्या यंत्रांवर चालवायचं असेल तर चिठ्ठी खोक्यावर नसते. ती एका यादीवर असते. यादी सांगते, ऑफिसातला मोठा कॉम्प्युटर आला तर त्याला हे खोकं द्या, टाकीवरचा छोटा कंट्रोलर आला तर ते द्या. आतल्या दोन्ही खोक्यांवर स्वतःचं नाव नसतं. त्यांचा पत्ता फक्त यादीला माहीत.

मी पाहिलं. टॅग जागेवर होता, यादीही जागेवर होती. मोठ्या कॉम्प्युटरचं खोकंही होतं. कंट्रोलरचं तेवढं गायब.

“शिवांजलीनं काढलेला टॅग वेगळाच होता,” मी म्हणाले. “त्याचा याच्याशी संबंध नाही. हे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.”

त्यानं पान बंद करायला माउस पुढं सरकवला.

“पूर्ण नोंद दाखव. उजव्या कडेसकट.”

त्यानं दरवाजाकडे पाहिलं, मग पडद्याकडे. शेवटी नोंद उघडली. शिवांजलीच्या नावावर दोन नोंदी होत्या. पहिली अष्टमीची, संध्याकाळी पाच बारा: एक टॅग काढला. दुसरी नवमीची, सकाळी दहा पंचवीस: बिननावाच्या सदतीस इमेजेस एका झटक्यात डिलीट.

“सदतीस!” मी म्हणाले.

“कंट्रोलरचं खोकं त्यातच गेलं,” मल्हार पुटपुटला. मग घाईघाईनं म्हणाला, “मॅडम, मोठ्या कॉम्प्युटरचं तेवढं वाचलं, कारण त्याच्यावर ‘प्रदर्शन’ ही चिठ्ठी होती. अरिहंतचाच माल तेवढा वाचला. तुम्ही बघा काय ते.”

बोट दुसरीकडे दाखवायची किती घाई! आठ दिवस हा माणूस सगळं जाणून बसला होता, आणि तोंड उघडलं तेही आणखी एकाला अडकवायला. मला त्याच्या समोरची खुर्चीसुद्धा नको झाली.

“पानाची कड कोणी कापली?”

“कात्री मी नाही लावली, मॅडम.”

“पण लावताना पाहिलीस.”

तो नख कुरतडत राहिला. मला उत्तर मिळालं होतं.

५

रविवारी सकाळी मी जवाहररावांच्या केबिनमध्ये जाऊन बसले. अरिहंत आणि मल्हारलाही बोलावलं. शिवांजली कुंडलहून एसटीने आली होती. ती दाराशीच उभी राहिली.

“गेलेल्या मालाकडं सगळे बघत बसले,” मी म्हणाले. “मी उरलेल्याकडं पाहिलं. दोन खोकी सारखीच, एकाच यादीतली. एक गेलं, एक राहिलं. फरक एवढाच की राहिलेल्यावर योगायोगानं एक नाव होतं. म्हणजे ज्यानं सफाई केली त्यानं फक्त नाव पाहिलं. नाव आहे, ठेवा. नाव नाही, फेका.”

“मग अरिहंतनंच...” मल्हारनं सुरुवात केली.

“गप्प बस. अरिहंतला आपली प्रत वाचवायला टॅग लावायचा असता तर त्यानं तो आदल्या दिवशी लावला असता. तो महिनाभर आधीच लागला होता. आणि त्याला त्या पानावर काय दाबायचं तेही माहीत नाही. तू म्हणशील तर तूही नाहीस. या याद्या तूच बांधल्यास. बिननावाची खोकी आतून वापरात असतात, हे तुला झोपेतही कळतं. शिवांजलीलाही कळतं, मी तिला त्यावर पंचवीसपैकी तेवीस मार्क दिले होते. हे कृत्य अशा माणसाचं आहे ज्याला पान उघडून चौकटीत खूण करता येते, पण खोक्याच्या मागं यादी असते हे ठाऊक नाही. आणि ज्याच्या लेखी बिननावाची वस्तू म्हणजे कचरा.”

जवाहरराव टेबलावरची डबी सरळ करत होते. ती आधीच सरळ होती.

“नवमीला दहा पंचवीसला,” मी म्हणाले, “शटर अर्धं खाली होतं. नोकरमाणसानं मशीनला हात लावायचा नाही, असा या कंपनीचा नियम. सगळे अंगणात, एकमेकांसमोर. आत एकच माणूस होता, हातात फडकं घेऊन. पडदे पुसता पुसता त्याला शिवांजलीच्या पडद्यावर बिननावाची लांबलचक रांग दिसली. त्याला राहवलं नाही. दसऱ्याची साफसफाई ना! केली तीही.”

अरिहंतनं मामाकडे पाहिलं. “मामा?”

त्यांनी डबीवरचा हात काढला. मग जवाहरराव म्हणाले, “मला काय माहीत, ताई? मी आपलं स्वच्छ करायला गेलो. मला वाटलं घाण आहे.”

“तिथवर मला तुमचा राग नव्हता. न कळून हातून होतं. पण त्या सफाईतच कंट्रोलरचं खोकं गेलं, हे मल्हारनं तुम्हाला कधी सांगितलं?”

“शुक्रवारी दुपारी,” मल्हार खाली मान घालून म्हणाला. “दूध नासल्याचा फोन आला त्याच दिवशी.”

“म्हणजे आठ दिवस तुम्हाला माहीत होतं. कळल्यावर तुम्ही कात्री घेतलीत. याच टेबलावर बसून, नीट, सरळ रेषेत कड कापलीत. नंतर या पोरीचं कबुलीपत्र टाइप करवून घेतलंत आणि त्यावर सही ठोकायला मला बोलावलंत. जवाहरराव, कुंडलच्या नाल्याशी उभी होते तेव्हा मला वाटलं, यापेक्षा घाण वास नसेल. चुकलं माझं.”

त्यांनी हात जोडले. “कंपनीत साठ माणसं आहेत. मालकानंच घोळ केला म्हटल्यावर गावं आमची यंत्रं काढून टाकतील. हिला मी परत घेतो. वरच्या जागेवर घेतो. तुम्ही फक्त यंत्राचा दोष म्हणून लिहा. कोणाचंच नाव नको.”

मी शिवांजलीकडे पाहिलं. ती पहिल्यांदाच बोलली. “यंत्राचा दोष म्हटलं तर गावात माझंच नाव राहील, अण्णा. यंत्र मीच बघत होते.”

“चार वाजता मी कुंडलला अहवाल वाचणार आहे,” मी म्हणाले. “तुम्हाला आपल्या तोंडानं सांगायचं असेल तर या.”

६

ते आले. आणि येताना पेढ्यांची दोन खोकी घेऊन आले. ज्या गावचं दूध नासवलं त्या गावाला पेढे! मी तोंड फिरवलं.

केंद्राच्या पत्र्याखाली दीडशे माणसं जमली होती. बाया एका बाजूला. शालूबाई मागे खांबाशी, लालासाहेब पुढच्या रांगेत, शिवांजली माझ्या शेजारी. मी अहवाल वाचला, तारीख आणि वेळेसकट. मग जवाहरराव उठले, टोपी काढली आणि म्हणाले, “चूक माझ्या हातनं झाली. पोरीचा काही दोष नाही. माफी असावी.” आवाज थोडा कापला. तो खरा होता की कसा, मला सांगता येणार नाही.

मी वाट पाहत होते. आठ दिवस उंबऱ्यावर घाण ओतणारं गाव आता काय करतं, ते मला बघायचं होतं.

“जाऊ द्या अण्णा,” केंद्राचा चेअरमन म्हणाला. “मानसाच्या हातनं हुतंय.”

“एवडा मोटा मानूस, सवता येऊन सांगतोय,” दुसरा म्हणाला. “लय झालं.”

“पोरीनं बी मशीन उगडं ठिवायला नगं हुतं म्हना,” तिसऱ्यानं जोडून दिलं, आणि दोघं-तिघं हसले.

संपलं. पाच मिनिटंही लागली नाहीत. पेढे फिरले, चहा आला. पहिला कप अण्णांना गेला. कोणीतरी त्यांना खुर्ची दिली. शिवांजलीकडे कोणी आलं नाही. उंबऱ्यावर ओतणाराही त्याच गर्दीत पेढा चघळत असणार. इतक्या वर्षांत मी पुष्कळ नालायक पाहिले, पण एका दमात दीडशे मी पहिल्यांदाच पाहत होते.

तेवढ्यात लालासाहेब उठले. आपल्या वाट्याचा कप बशीत ठेवून, सांडू नये म्हणून जपत, ते गर्दीतून लेकीपाशी आले. ताठ मान आता ताठ राहिली नव्हती.

“शिवा, घे च्या. सकाळपास्नं उपाशी हाईस तू.” त्यांनी बशी पुढं केली. “कागद बघितला, शिक्का बघितला... आमाला काय ठावं बाळा, खरं काय हाय ते.”

शिवांजलीनं कप घेतला नाही. ती रडलीही नाही. वडिलांकडे नीट बघून तिनं विचारलं, “आबा, आठ दिवस मी तुमच्या म्होरं हुते. तुमी मला एकदा तरी इचारलं का, शिवा, तू केलंस का म्हनून?”

लालासाहेब कप तसाच पुढं धरून उभे राहिले. चहावर साय धरायला लागली होती. शिवांजली आईला हाताला धरून पत्र्याबाहेर पडली, आणि मीही माझी पिशवी उचलून त्यांच्यामागं निघाले.